रायबरेलीचे तीन निकाल

उत्तर प्रदेशातल्या रायबरेली मतदारसंघात नऊ वर्षांत तीनदा लोकसभेची निवडणूक झाली आणि तिन्ही वेळा इंदिरा गांधी उमेदवार होत्या. १९७१ साली त्यांना १,८३,३०९ मतं पडली, राजनारायण यांना ७१,४९९. १९७७ साली राजनारायण यांना १,७७,७१९ आणि इंदिरा गांधींना १,२२,५१७. पंतप्रधान असताना त्या ५५,२०२ मतांनी पडल्या. १९८० साली पुन्हा त्याच, २,२३,९०३ मतं, आणि समोरच्या विजयाराजे शिंदे पन्नास हजारांवर थांबल्या.

मतदारसंघाच्या हद्दीत मधल्या काळात थोडाफार बदल झाला असेल, पण माणसं तीच होती. बाईही तीच होती. स्वभाव तोच, चालण्याबोलण्याचा रुबाब तोच, निर्णय एकहाती घेण्याची सवयही तीच. मग लोकांनी आधी डोक्यावर घेतलं, मग खाली फेकलं, आणि तीन वर्षं पुरी व्हायच्या आत पुन्हा उचललं, ते कशामुळे?

हे प्रकरण मला निवडावंसं वाटलं त्याचं कारण आमच्या घरात आहे. माझी आजी इंदिराबाईंची भक्त. देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला कॅलेंडरवरून कापलेलं त्यांचं चित्र होतं, पदर डोक्यावर घेतलेलं. तिचा धाकटा मुलगा, म्हणजे माझा काका, समाजवाद्यांच्या राष्ट्र सेवा दलात वाढलेला, शाळेत शिकवायचा. आणीबाणीत तो मिसाखाली, म्हणजे खटल्याशिवाय डांबून ठेवणाऱ्या कायद्याखाली, आत गेला आणि दीड वर्षाहून जास्त आत राहिला. सुटून आला तेव्हा ते चित्र तिथेच होतं. त्याने विचारलं, "आई, अजून ठेवलंयस?" आजी म्हणाली, "त्या बाईनं मला दुष्काळात भाकर दिली, तुला तुरुंग दिला. भाकर खोटी होती म्हणू का मी?" काका गप्प बसला. मी तेव्हा लहान होतो, पण तो प्रसंग डोक्यातून गेला नाही. दोघंही खरं बोलत होते, दोघांच्याही बोलण्याला आपापल्या अनुभवाचा पुरावा होता.

लोभ कसा जडला ते आधी बघू. १९६६ च्या जानेवारीत ताश्कंदला शास्त्रीजी गेले आणि मोरारजींना संसदीय पक्षात ३५५ विरुद्ध १६९ मतांनी हरवून इंदिरा गांधी पंतप्रधान झाल्या. त्यांना पुढे करणाऱ्या जुन्या नेत्यांचा हिशोब साधा होता, ही आपल्या मुठीत राहील. लोहियांनी तर त्यांना 'गूंगी गुडिया' म्हणून टाकलं. पुढे १९६९ च्या जुलैमध्ये १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण, त्याच वर्षी पक्षाची फूट, मग संस्थानिकांचे तनखे बंद. एकेका फटक्याने जुने नेते बाजूला पडत गेले. खेड्यातल्या माणसाला बँकेच्या राष्ट्रीयीकरणाचं अर्थशास्त्र कळत नव्हतं, कळायची गरजही नव्हती. त्याला एवढंच दिसलं की सावकार आणि राजेमहाराजे ज्यांच्यापुढे आपण मान खाली घालतो, त्यांच्यापुढे ही बाई मान ताठ ठेवून उभी आहे. १९७१ ला विरोधकांनी 'इंदिरा हटाओ' म्हटलं, तिने 'गरीबी हटाओ' म्हटलं. लढत तिथेच निम्मी संपली. ५१८ पैकी ३५२ जागा आल्या. त्या वर्षअखेर बांगलादेशचं युद्ध; सुमारे एक कोटी निर्वासित पूर्वेकडून आलेले, अमेरिकेचं आरमार बंगालच्या उपसागराकडे निघालेलं, आणि १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती. दरारा आणि माया दोन्ही एकाच व्यक्तीबद्दल वाटावं असं आपल्याकडे फार थोड्यांच्या वाट्याला आलं आहे.

आजीची भाकर त्यानंतरची. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला ते अजून त्याला नुसतं 'बहात्तर' म्हणतात. विहिरी आटल्या, जनावरं बाजारात मातीमोल गेली. आजी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. तिथे मजुरी मिळायची, पोरांना सुकडी हा पौष्टिक खाऊ मिळायचा, रेशनवर परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी मिळायची. मिलोची भाकर थापताना तुटायची आणि गिळताना घशात अडकायची, हे तिने शंभरदा सांगितलं असेल. आता नीट पाहिलं तर ही कामं राज्य सरकारची होती. मुख्यमंत्री वसंतराव नाईक होते, आणि रोजगार हमी ज्यांच्या डोक्यातून आली ते वि. स. पागे. आजीला यातलं एकही नाव ठाऊक नव्हतं. तिच्या लेखी खडीचे पैसे इंदिराबाईंनी पाठवले होते.

राष्ट्रीय नेत्याच्या बाबतीत हे नेहमीच घडतं आणि या प्रकरणाची किल्ली मला इथेच दिसते. लोकांना सरकार नावाची गोष्ट तुकड्या-तुकड्यांत भेटते. तलाठी, रेशन दुकानदार, फौजदार, मास्तर, दवाखान्यातली नर्स. या सगळ्यांना मिळून एकच चेहरा लावायचा तर तो सगळ्यात वरचा. मग खालच्या कोणी केलेलं बरंही त्या चेहऱ्याच्या खात्यात जमा होतं आणि खालच्या कोणी केलेला जुलूमही त्याच्याच नावावर पडतो. आजीचं खातं जमेत निघालं. रायबरेलीत १९७१ ला त्यांना मत दिलेल्या साठएक हजार जणांचं १९७७ ला नावे निघालं.

आणीबाणी जाहीर झाली तेव्हाच लोक उलटले, असं आपण आज समजतो. ते खरं नाही. १२ जून १९७५ ला अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती सिन्हांनी रायबरेलीचीच निवडणूक रद्द ठरवली. कारणं होती ती इंदिरा गांधींचे सहायक यशपाल कपूर सरकारी नोकरीत असताना प्रचारात उतरले याची, आणि सरकारी अधिकाऱ्यांनी सभेचं व्यासपीठ, वीज यांची व्यवस्था केली याची. २५ जूनला रामलीला मैदानावर जयप्रकाशजींची सभा झाली, रात्री राष्ट्रपतींची सही, दिल्लीतल्या वर्तमानपत्रांची वीज तोडली, पहाटेपर्यंत धरपकड. सकाळी आकाशवाणीवर स्वतः इंदिरा गांधींनी सांगितलं, घाबरण्याचं कारण नाही. आणि खरोखर, बहुतेक लोक घाबरले नाहीत. त्याआधीची दोन वर्षं आठवा. तेलाचे भाव भडकलेले, १९७४ मध्ये महागाई वीस टक्क्यांच्या वर गेलेली, मे महिन्यात रेल्वेचा प्रचंड संप, गुजरात आणि बिहार पेटलेले. मुंबईत मृणालताई गोरे आणि अहिल्याताई रांगणेकरांच्या मागे बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरत होत्या, कारण रॉकेल नव्हतं, तेल नव्हतं, साखर नव्हती. या पार्श्वभूमीवर गाड्या वेळेवर धावू लागल्या, कचेरीतला कारकून दहाच्या ठोक्याला खुर्चीवर दिसू लागला, पाऊसही चांगला झाला आणि घाऊक भाव उतरले. पवनारच्या विनोबांच्या 'अनुशासन पर्व' या शब्दांचा सरकारने भरपूर वापर करून घेतला. ज्यांच्या घरातलं कोणी आत नव्हतं, अशा पुष्कळ घरांत १९७५ ची दिवाळी समाधानात गेली. हे मान्य करायला मला अवघड जातं, कारण आमच्या घरातलं माणूस आत होतं. आमच्या शेजारचे एक सद्गृहस्थ काकाच्या अटकेबद्दल हळहळायचे आणि त्याच दमात म्हणायचे, "पण शिस्त लागली बघा."

मग सरकार लोकांच्या दाराशी आलं.

नसबंदीची मोहीम. १९७६-७७ या एका वर्षासाठी देशाचं लक्ष्य सुमारे ४३ लाख शस्त्रक्रियांचं होतं, झाल्या ८० लाखांहून जास्त. लक्ष्याच्या जवळपास दुप्पट. सरकारी कामात लक्ष्याच्या दुप्पट काम कधी होतं? वरून दट्ट्या असेल आणि खाली प्रत्येकाला आपली नोकरी वाचवायची असेल तर. उत्तर प्रदेशात शिक्षकांना 'केसेस' आणायचा कोटा होता. केस आणली नाही तर पगार अडकायचा. क्षणभर त्या मास्तरच्या जागी उभं राहून पाहा. ज्या घरातली मुलं त्याच्या वर्गात बसतात, त्या घराच्या ओट्यावर जाऊन त्याने बापाला सांगायचं, चला, कापून घ्या, नाहीतर माझ्या घरची चूल बंद होते. काही ठिकाणी पोलीस गाड्या घेऊन यायचे आणि पुरुष रात्र उसाच्या फडात काढायचे. दिल्लीत तुर्कमान गेटला घरं पाडली, गोळीबार झाला. हरियाणात उटावर गाव पोलिसांनी नसबंदीसाठी पहाटे वेढलं.

१९७७ च्या प्रचारात उत्तरेत एक घोषणा फिरली: 'जमीन गई चकबंदी में, मकान गया हदबंदी में, द्वार खड़ी औरत चिल्लाए, मेरा मर्द गया नसबंदी में'. चकबंदी म्हणजे तुकड्यांची जमीन एकत्र करून नव्याने वाटणं, हदबंदी म्हणजे हद्द ठरवणं. एखाद्या संशोधकाने वर्षभर अभ्यास करून लिहावं ते सगळं या ओळींत आलं आहे. यात घटना नाही, न्यायालय नाही, वृत्तपत्रांची मुस्कटदाबी नाही. आहे ती दारात उभी राहून आक्रोश करणारी बाई. जी बाई तोवर इंदिरा गांधींना आपल्यातली मानत होती, तीच.

राग कुठे किती साठला हे नकाशावर स्पष्ट दिसतं. उत्तर प्रदेशात ८५ पैकी काँग्रेसला शून्य, बिहारमध्ये ५४ पैकी शून्य, दिल्ली, पंजाब, हरियाणात शून्य. आंध्रात मात्र ४२ पैकी ४१, कर्नाटकात २८ पैकी २६. देश एक, आणीबाणी एक, नेता एक, आणि दोन कौल इतके उलटे. दक्षिणेचे लोक लोकशाहीची कमी कदर करतात असा अर्थ काहींनी काढला. तो मला अन्यायाचा वाटतो. तिकडे नसबंदीची सक्ती उत्तरेइतकी घराघरात शिरली नाही. कर्नाटकात देवराज अर्स जमिनीच्या कायद्याने कुळांना मालक करत होते. तिथल्या माणसाच्या दाराशी सरकार सातबारा घेऊन आलं म्हणा ना. शिवाय वर्तमानपत्रं मुकी होती; उत्तरेत काय चाललंय ते तिकडे पोचतच नव्हतं. केरळ बघा. तिथे काँग्रेस आघाडीने लोकसभेच्या वीसच्या वीस जागा जिंकल्या. निवडणूक संपल्यावर एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याचा पोलीस कोठडीत छळाने झालेला मृत्यू न्यायालयात उघड झाला, आणि मुख्यमंत्री करुणाकरन यांना महिन्याभरात पद सोडावं लागलं. हेच महिनाभर आधी कळलं असतं तर तिथला कौल काय लागला असता?

महाराष्ट्र मधोमध राहिला, ४८ पैकी २० जागा. मुंबईने काँग्रेसला एकही दिली नाही, विदर्भाने मात्र बहुतांश साथ सोडली नाही. तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक आपल्याच विधिमंडळाने मंजूर केलं होतं हे आज किती जणांना आठवतं? राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून तो कायदा झाला नाही. मृणालताई जिंकल्या आणि इंदिरा गांधी हरल्या, तेव्हाची घोषणा मात्र अजून लोकांच्या तोंडात आहे, 'पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में'.

काका आणि त्याच्यासारख्यांचा राग वेगळ्या जातीचा होता. तो दाराशी काही व्हायची वाट बघत बसला नाही. १९७३ मध्ये तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून सरन्यायाधीश नेमले तेव्हापासून तो होता. १९७५ च्या डिसेंबरात कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवतांनी, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण समोर असताना, आजारी जयप्रकाशजींसाठी सभेला प्रार्थना करायला लावली, तो हाच राग होता. पुढे दुर्गाबाईंनाही अटक झाली. आणीबाणीत अटकेविरुद्ध न्यायालयात दाद मागता येते का, या प्रश्नावर एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात चार न्यायमूर्ती सरकारच्या बाजूने गेले आणि एकटे ह. रा. खन्ना म्हणाले की माणसाचा जगण्याचा हक्क असा काढून घेता येत नाही. पुढे त्यांचं सरन्यायाधीशपद हुकलं. ही माणसं थोडी होती. मतपेटीत ती मोजायला गेलं तर हाताला काही लागणार नाही. पण निवडणूक जाहीर झाल्यावर ओट्यावरच्या रागाला 'हुकूमशाही' हा शब्द यांनी पुरवला. शब्द मिळाला की राग एकट्याचा राहत नाही. काका सांगायचा, १९७७ च्या सभांना लोक स्वतःहून पैसे टाकायचे, पु. ल. बोलायला उभे राहिले की मैदानं ओसंडायची.

आणि तरीही, हा आकडा मी पुन्हा पुन्हा बघतो, रायबरेलीत त्या वर्षी १,२२,५१७ लोकांनी इंदिरा गांधींनाच मत दिलं. साऱ्या देशात काँग्रेसची मतं ४३.७ टक्क्यांवरून ३४.५ टक्क्यांवर आली. म्हणजे द्वेषाच्या ऐन भरात दर तिघांतला एक त्यांच्या बाजूने होता, आणि १९७१ च्या प्रेमाच्या भरात निम्म्याहून जास्त मतदारांनी दुसरीकडे शिक्का मारला होता. लाट म्हणून आपण जे बघतो ते बहुतेक जागांचं गणित असतं. कट्टर भक्त आणि कट्टर विरोधक जागचे फारसे हलत नाहीत. हलतो तो मधला दहाएक टक्क्यांचा माणूस, आणि तो नेत्याच्या चारित्र्याचा निवाडा करत नसतो. गेल्या वर्षी आपल्या घरी काय झालं, हे तो सांगत असतो.

परत येण्याची गोष्ट बेलछीपासून सुरू होते. मे १९७७ च्या शेवटी बिहारमधल्या या खेड्यात अकरा जणांना मारून जाळलं, त्यातले आठ दलित. सत्तेवर आलेली जनता पक्षाची माणसं आपसातल्या खात्यांच्या भांडणात होती. ऑगस्टमध्ये इंदिरा गांधी तिकडे निघाल्या. पावसाने वाट नव्हतीच. जीप चिखलात रुतली, ट्रॅक्टर आणला, तोही अडकला, शेवटी हत्ती मागवला. हौदा नसलेल्या हत्तीवर बसून, साठीला टेकलेली बाई पाण्यातून अंधारात त्या गावात पोचली. यात राजकारण नव्हतं असं कोण म्हणेल? पुरेपूर होतं. पण ज्या घरातली माणसं जाळली होती, त्या बायकांच्या दारात दिल्लीहून कोणी आलं होतं, हेही तितकंच खरं. पुन्हा दारच. परतीच्या वाटेवर पाटण्याला त्या जयप्रकाशजींना भेटल्या. १९७८ च्या जानेवारीत यवतमाळच्या सभेत त्यांनी आणीबाणीतल्या अतिरेकांची जबाबदारी आपल्यावर घेतली.

जनता सरकारने मग त्यांना पायऱ्याच बांधून दिल्या. ऑक्टोबर १९७७ मध्ये अटक केली, दुसऱ्या दिवशी न्यायालयाने सोडलं. १९७८ च्या नोव्हेंबरात त्या चिकमगळूरमधून निवडून आल्या, तर डिसेंबरात लोकसभेने त्यांचं सदस्यत्व काढून त्यांना तिहारमध्ये पाठवलं. त्या आठवड्यात दोन तरुणांनी खेळण्यातल्या पिस्तुलाच्या धाकावर इंडियन एअरलाइन्सचं विमान वाराणसीला पळवलं, मागणी काय, तर इंदिराजींना सोडा. पुढे ते दोघंही काँग्रेसच्या तिकिटावर आमदार झाले. हे वाचलं की मला धास्ती वाटते. आजीच्या भाकरीची कृतज्ञता आणि ही भक्ती यांत मोठं अंतर आहे. आजीला आपण काय मिळवलं ते ठाऊक होतं. या दोघांना नेता हवा होता, त्याने काय केलं हा हिशोबच नको होता. मात्र पक्षाने आमदारकी दिली ती यांना. सुकडी खाऊन वाढलेल्या पोरांना कोणी विचारलं नाही.

१९८० च्या रायबरेलीतल्या पावणेदोन लाखांच्या आघाडीकडेही जपून बघायला हवं. मोरारजींचं सरकार जुलै १९७९ मध्ये पडलं, चरणसिंग एकदाही लोकसभेला सामोरे न जाता पायउतार झाले, जनता पक्षाची शकलं झाली. कांद्याचा भाव हा प्रचाराचा मुद्दा झाला होता. देशात काँग्रेसला ३५३ जागा आल्या, उत्तर प्रदेशात शून्यावरून ५१. पण त्या राज्यातली मतं १९७१ मध्ये निम्म्याच्या जवळ होती, ती आता ३६ टक्क्यांच्या आसपास होती. सगळे परत आले नव्हते. विरोधक फुटले होते, आणि नसबंदीची गाडी तीन वर्षांत कुणाच्या दारात आली नव्हती, कांदा मात्र रोज घरात यायचा. लोक विसरले असं म्हणणं त्यांच्यावर अन्याय आहे. ज्यांना त्या फडात रात्र काढावी लागली ते विसरले नसणार. सक्तीची नसबंदी हा शब्द त्यानंतर दिल्लीतल्या कुठल्याच सरकारने पुन्हा मोठ्याने उच्चारला नाही, तो त्यांच्याच धाकाने.

१९८० च्या जानेवारीत आजीला चालवत नव्हतं. १९७८ च्या विधानसभेला ती आजारीच होती, मतदानाला गेली नव्हती. या वेळी हट्टच धरला. बैलगाडीत गोधडी टाकून काकाच तिला शाळेतल्या केंद्रावर घेऊन गेला. मी मागे पाय सोडून बसलो होतो. कुणाला मत द्यायचं ते त्याने विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. शाळेच्या अलीकडे गाडी थांबवून त्याने तिचा पदर सारखा केला आणि म्हणाला, "आई, गायवासरू शोधत बसू नकोस आत. तुझ्या बाईची निशाणी आता पंजा आहे."